पापुद्र्याचे पारतंत्र्य

विजेवर धावणाऱ्या दुचाकीवर ‘मेड इन इंडिया’ची पट्टी दिसली की आपला ऊर भरून येतो. यावा, त्यात गैर काही नाही. परंतु तिच्या लिथियम बॅटरीतील ऋणाग्र कोठून आला, हे विचारण्याची तसदी आपल्यापैकी किती जण घेतात? हा ऋणाग्र ग्राफाइटचा, म्हणजे कार्बनचाच असतो आणि जगात त्यासाठी लागणाऱ्या ग्राफाइटपैकी ९० टक्क्यांहून अधिक चीनमध्ये सिद्ध होते.

ग्राफाइट आपल्याकडे नाही काय? पलामू आणि शिवगंगा येथे त्याचे साठे आहेत. पोलाद वितळवणाऱ्या विद्युत भट्ट्यांसाठी ग्राफाइटचे खांब आपले कारखाने कित्येक दशके बनवतात, निर्यातही करतात. उणीव आहे ती पृष्ठभागावरील संस्काराची. ग्राफाइटची पत्री तशीच बॅटरीत घातली, तर पहिल्याच चार्जिंगच्या वेळी आतील द्रावण तिच्या कडांवर विघटन पावते आणि साचणाऱ्या थरात बरेचसे लिथियम कायमचे अडकते. म्हणून पत्री घोळवून गोल करायची (यात निम्म्याहून अधिक माल वाया जातो!), ती ९९.९५ टक्के शुद्ध करायची, तिच्यावर डांबराचा लेप द्यायचा आणि हवा लागू न देता तीव्र उष्णतेत भाजायची. शेवटी उरतो कार्बनचा, काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा. सारी मेख तेथेच आहे. आणि लेपाचे डांबर? ते भिलाई-राऊरकेलाच्या कोक भट्ट्यांतून निघते. द्रव्य घरचे, विद्या परक्याची!

२०२० साली गलवानच्या बलिदानानंतर आपण चौकाचौकांत चिनी मालाची होळी केली. तीत खेळणी होती, दिव्यांच्या माळा होत्या. ऋणाग्र नव्हता, जाळायचा तरी तो ओळखता यावयास हवा ना? पुढे चीननेच १ डिसेंबर २०२३ पासून या ग्राफाइटच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. बहिष्कार कोणी कोणावर टाकायचा, हे ठरवण्याचा अधिकार आपण असा बीजिंगच्या हाती दिला आहे.

‘आयात स्वस्त पडते’ हे आपल्या उद्योगपतींचे ठरलेले उत्तर. जपानच्या अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनचा ऋणाग्र वापरून ही बॅटरी सिद्ध केली, १९९१ मध्ये सोनीने ती बाजारात आणली. चीन या शर्यतीत मागाहूनच उतरला. त्याने भट्ट्या पेटवल्या. आपण हिशेब करीत बसलो.

बॅटरीच्या सेलसाठी शासनाने २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची योजना आखली, हे योग्यच झाले. तीत पाच वर्षांत ६० टक्के मूल्यवर्धन देशात करण्याची अट आहे. त्या ६० टक्क्यांत ऋणाग्राची लेपित पूड सक्तीची करा. नुसत्या जुळणीसाठी करदात्याचा पैसा का द्यावा?