आपल्या सांध्यांचा हिशेब कोणाच्या हाती?

आपल्या कुठल्याही बैठकीत गुडघे, पाठ, मनगट यांचा विषय निघाला की तासभर संपत नाही. घाटकोपरला पापड लाटणारी, मुलुंडला चार घरची धुणीभांडी करणारी, अंधेरीच्या सीप्झमध्ये मान खाली घालून दागिन्यांना पॉलिश करणारी, सगळ्यांचं दुखणं एकाच जातीचं. दवाखान्यातलं उत्तरही ठरलेलं : 'वय झालं, वजन कमी करा.' दिवसभरात मनगट किती वेळा वळतं, हे कोणी विचारत नाही.

आता ते मोजणारी वस्तू आली आहे. हायड्रोजेल म्हणजे भरपूर पाणी धरून ठेवणारा मऊ, लवचीक पदार्थ. सॅनिटरी नॅपकिनमध्ये ओल शोषणारी भुकटी असते, तिचंच हे भावंड. त्यात क्षार मिसळले की त्यातून वीज वाहते. त्याची पट्टी बोटावर, मनगटावर किंवा गुडघ्यावर चिकटवायची. सांधा वाकला की पट्टी ताणली जाते, विजेला होणारा अडथळा वाढतो आणि तो फरक फोनवर नोंदला जातो. पट्टी वाळू नये म्हणून काही वेळा ग्लिसरीन घालतात. जगभरच्या प्रयोगशाळांत अशा पट्ट्यांवर काम चालू आहे.

यात आपलं काय? सरकारच्या 2024च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकामात बाईचे दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषाची 88. म्हणजे मिनिटं मोजली गेली. पण त्या मिनिटांत शरीर किती झिजलं, त्याचा हिशेब कुठेच नाही. पुरावा नाही म्हणून भरपाई नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2010च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत तीच ती हालचाल करून मनगटाला, अंगठ्याच्या मुळाशी येणारी सूज धरली आहे. आपल्या 1948च्या कारखाना कायद्यातल्या 29 रोगांच्या यादीत शिसं, पारा, सिलिकोसिस होतं, हे दुखणं नव्हतं. त्याची जागा घेणाऱ्या 2020च्या संहितेच्या यादीतही ते नाही. घरी पापड लाटणारीला तर कारखान्याचं दारही नाही.

म्हणून ही पट्टी हवीशी वाटते. पण तीच पट्टी मुकादमाच्या हाती गेली तर? बाईचा हात कधी मंदावला, ती कितीदा थांबली, हे सेकंदासेकंदाला कळेल. मग दुखण्याचा पुरावा कामचुकारपणाचा पुरावा होईल. ही नुसती शंका नाही. 2023च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने नोकरीच्या कारणासाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा मालकाला ठेवली आहे. 'दुखतंय' म्हणणारी बाई खोटी आणि यंत्र खरं, असं झालं तर आपण होतो त्याहून मागे जाऊ.

तंत्रज्ञानाला नाही म्हणणं हा माझा मुद्दा नाही. ते कोणत्या अटीवर यावं, हे आपण आधी ठरवू या. नोंद बाईच्या हाती राहावी, ती दाखवायची की नाही हे तिने ठरवावं. पट्टी काढून ठेवली म्हणून मजुरी कापली जाऊ नये. चाचणी ओल्या हातांवर, उकिडवं बसून, बांगड्यांसकट व्हावी. कोरड्या खोलीत बोट वाकवून दाखवणं पुरेसं नाही. आणि पट्टी येवो न येवो, हे दुखणं कायद्याच्या यादीत यावं.

पवईला आयआयटी आहे. तिथे 2014 पासून वैद्यकीय उपकरणांसाठी बेटिक हे केंद्र आहे. अशा ठिकाणी आपल्या संघटनांनी जाऊन बोलायला हवं. तिथल्या कॅम्पसभोवतीच्या वस्त्यांतून रोज कामाला निघणाऱ्या बायकांची मनगटं हा अभ्यासाचा विषय आहेच. पण त्याआधी त्या बायकांना प्रश्न विचारायला बसवा. काय मोजायचं हे त्यांनाच पक्कं ठाऊक आहे.