लेबल नसलेली बाटली गोठ्यात नको

हायड्रोजन पेरॉक्साइड हे रसायन आता शेतकऱ्यास अपरिचित राहिलेले नाही. जनावराची जखम धुणे, कोंबड्यांचे पिण्याचे पाणी निर्जंतुक करणे, ठिबकच्या नळ्यांतील शेवाळ काढणे, अशा अनेक कामी ते वापरले जाते. मात्र जखमेसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे द्रावण ३ टक्क्यांचे असते, तर नळ्या व टाक्यांच्या सफाईसाठी ३५ किंवा ५० टक्क्यांचे विकले जाते. दोन्ही दिसावयास पाण्यासारखीच! त्यांतील भेद डोळ्यांना कळत नाही. तो केवळ लेबल सांगते. म्हणून हे रसायन सुटे विकण्याची व घेण्याची चाल बंद होणे अगत्याचे आहे.

लेबल वाचतानाही घोटाळा होण्याचा संभव असतो. काही बाटल्यांवर तीव्रता टक्क्यांत, तर काहींवर ‘व्हॉल्यूम’मध्ये दिलेली असते. १० व्हॉल्यूम म्हणजे १ मिलिलिटर द्रावणातून १० मिलिलिटर प्राणवायू सुटतो. या हिशेबाने १० व्हॉल्यूम म्हणजे सुमारे ३ टक्के, २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के व १०० व्हॉल्यूम म्हणजे ३० टक्के होय. ३० टक्क्यांस ३० व्हॉल्यूम समजणारा मनुष्य अपेक्षेच्या तिपटीहून अधिक तीव्र द्रावण हाती घेतो.

तीव्र द्रावणाने कातडी पांढरी पडून भाजते. डोळ्यात गेल्यास दृष्टी गमावण्याची भीती असते. ऊन, उष्णता किंवा लोखंड, तांबे, पितळ यांच्या संपर्काने त्याचे विघटन होते आणि साठलेल्या प्राणवायूच्या दाबाने घट्ट बुचाची बाटली फुटू शकते. कडबा, कापूस वा गोणपाट त्याने भिजल्यास आग लागण्याचा धोका असतो. मूळ डब्याचे झाकण वायू बाहेर पडेल असे केलेले असते. पाण्याच्या रिकाम्या बाटलीस ती सोय नसते. शिवाय अशी बाटली तहानलेल्या मुलाच्या हाती लागली, तर काय अनर्थ होईल, हे सांगावयास नको.

सुटे घेतल्यास स्वस्त पडते, असे काही जण म्हणतात. परंतु त्या बचतीपेक्षा दवाखान्याचा एक फेरा महाग पडतो. जखमेसाठी ३ टक्क्यांची तयार बाटलीच घ्यावी. तीव्र द्रावण घरी पातळ करून जखमेवर वापरू नये. नळ्यांच्या कामासाठी अनेकांनी मिळून डबा घेतल्यास तो मूळ डबाच एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यावा. काम करताना रबरी हातमोजे व चष्मा वापरावा. द्रावण अंगावर किंवा डोळ्यात उडाल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावे. पोटात गेल्यास उलटी करवू नये; रोग्यास मूळ बाटलीसह तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. लेबल पाहूनच डॉक्टरांना तीव्रता कळेल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी मात्रा सांगण्यापूर्वी लेबल वाचून दाखविण्याचा प्रघात पाडावा. गोठ्यातील फळीवर नाव नसलेली बाटली आढळल्यास ती कशाची, हे वास घेऊन किंवा चाखून ठरवू नये. तिचा वापर न करणे, हेच शहाणपणाचे होय.