लग्नाची सीडी व्हॉट्सॲपवर टाकू नका

पौडच्या माझ्या स्टुडिओत अजूनही कोणी ना कोणी लग्नाची जुनी व्हीसीडी घेऊन येतं. "भाऊ, एवढी व्हॉट्सॲपवर टाकून द्या." मी साफ नाही म्हणतो.

व्हीसीडी 1993 सालची. चित्र 352 बाय 288 ठिपक्यांचं, त्याला सेकंदाला जेमतेम साडेअकरा लाख बिट. म्हणून एमपीईजी-1 ते सुमारे 26 पट आवळतं: बहुतेक फ्रेम पूर्ण साठवायच्याच नाहीत, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच टिपायचं. नवरी मान खाली घालून बसली की चित्र स्वच्छ. पण अक्षता पडू लागल्या की सगळंच एकदम बदलतं, बिट पुरत नाहीत आणि मुंडावळ्यांचे चौकोन होतात. ताम्हिणीच्या पावसातलं शूटिंग तर विचारूच नका!

असं आधीच पिळलेलं चित्र व्हॉट्सॲप पुन्हा पिळतं. त्यापेक्षा डिस्कमधली डॅट फाइल जशीच्या तशी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. व्हीएलसीत ती चालते. ग्रामपंचायतींनी यासाठी एक संगणक ठेवावा, सीडी ड्राइव्हसकट. आजोबांचा चालताबोलता चेहरा कित्येक घरांत फक्त त्या तबकडीवर आहे, आणि नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह येणं केव्हाच बंद झालंय.