मंडईचा हिशेब

दिवाळीतल्या गायगोधनाला गुरे आखरावर जमतात, गोवारी ढाल नाचवतात आणि भाऊबीज आटोपली की गोंदिया जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दोन गावांनी एकच दिवस धरला तर दोघांचाही गल्ला बुडतो, हे गावांना कोणा सल्लागाराने शिकवलेले नाही. तारखा आपसात ठरतात. लेकी-जावई येतात, सोयरिकीचे विषय निघतात, खेळण्यांपासून कढईपर्यंतची दुकाने लागतात आणि रात्री नाटक असते. बाहेरचा पाहुणा याला जत्रा म्हणून मोकळा होतो. यंदाच्या मंडईच्या निमित्ताने आम्हाला तिच्याकडे रोजगार म्हणून पाहायचे आहे.

मंडईतल्या नाटकांच्या उद्योगाचे मुख्यालय जिल्ह्याबाहेर, गडचिरोलीतल्या वडशाला, म्हणजे देसाईगंजला आहे. पण गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत बसलात तर अर्जुनी सोडल्यावर फार वेळ लागत नाही. तिथे नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत. गावातल्या मंडळाची पोरे जातात, फलक पाहतात, नट कोण, लावणीला कोण, याची चौकशी करतात, घासाघीस करतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. मग धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत मंडप पडतो. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. प्रेक्षक तिकीट काढून, चादरी पांघरून बसलेला असतो. याच नाटकांतले गडचिरोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा कुठे मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांना ही झाडीपट्टी रंगभूमी सापडली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या शेतकऱ्यांना ती सापडण्याचा प्रश्नच नव्हता. ते कित्येक पिढ्या पदरचे पैसे मोजून ती पाहत आले.

हे पदरचे पैसे येतात धानातून. दिवाळी ते होळी हा नाटकांचा हंगाम रसिकतेने ठरलेला नाही, धानाच्या पुंजण्यांनी ठरवला आहे. कापणी, चुरणी, विक्री आणि मग हाती रोकड, हा त्याचा क्रम. २०२५-२६ साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलमागे २,३६९ रुपये होता. पण भाव जाहीर होणे वेगळे आणि आधारभूत केंद्रावर माप होऊन चुकारा खात्यात पडणे वेगळे. चुकारे रखडले तर दुकानदाराची उधारी वाढते आणि पाल लावणाऱ्या खेळणीवाल्यापासून नाटकाच्या तिकीटबारीपर्यंत सगळ्यांचा हात आखडतो. तेव्हा लोककलेला प्रोत्साहन द्यायचेच असेल तर जिल्हा मुख्यालयी महोत्सव भरवण्याआधी चुकारे वेळेवर द्यावेत. कलेसाठी याहून मोठे अनुदान आम्हाला सुचत नाही.

या व्यवस्थेचा चिवटपणा शंकरपटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, बंदी आली तेव्हा दिसला. दिवसा पट आणि रात्री नाटक ही इथली जुनी जोडी. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम केली. मधल्या काळात जोडीतला एक बैल निखळला, तरी नाटकाची गाडी चालत राहिली. कधी मंडईचे निमित्त, कधी कबड्डीच्या सामन्यांचे. ती खरी थांबली कोरोनात.

आता प्रश्न पोरांचा. गावच्या मंडळातला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा मंडईच्या आठवड्यात काय काय करतो, ते पाहावे. वर्गणी गोळा करतो, करार करतो, ध्वनिक्षेपकाची परवानगी काढतो, मंडप आणि जनरेटर आणतो, तिकीट विकतो, दारू पिऊन आलेल्याला समजावून घरी पाठवतो आणि शेवटी हिशेब लावतो. हाच मुलगा नागपूर-हैदराबादला जाऊन लग्नसमारंभाच्या ठेकेदाराकडे यातले एखादेच काम करतो, तेव्हा त्याला मजुरी मिळते. गावात त्याचे नाव हौस. वर आम्ही ज्येष्ठ मंडळी त्याला संस्कृती जपण्याचा उपदेश करतो. जपतो, पण माझी रोजी किती, असे त्याने विचारले तर त्याला उर्मट म्हणता येणार नाही.

भाषेतही हीच तऱ्हा. नाटकात इथली झाडीबोली बहुधा विनोदी पात्राच्या वाट्याला येते आणि नायक पुस्तकी मराठी बोलतो. हशा आणि टाळ्या कोण घेतो, हे सांगायला नको. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी साकोलीत राहून या बोलीच्या अभ्यासात आयुष्य घातले. आपण मात्र शाळेत ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला अजून हसतो. आपल्या तोंडची भाषाच हसण्यावारी गेली की त्या भाषेत होणारे कामही कमी प्रतीचे वाटू लागते.

मान आणि मोबदला एकत्र आले की काय होते, याचे उदाहरण शोधायला नाटकाच्या मंडपातून तळ्याकाठी जावे लागेल. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या इथल्या तलावांचे ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. सरकारी खात्यात गेले, गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरले. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमार ढिवरांच्या सोबतीने काही तलाव पुन्हा जिवंत केले. कोणती पाणवनस्पती लावली की कोणती देशी मासळी परतते, हे ढिवरांच्या बायाबापड्यांना तोंडपाठ होते. बेशरम उपटले, तळ्यात चिखल करून देशी वनस्पती लावल्या, मासळी वाढली. आजीची माहिती अशी बाजारात उतरली, तेव्हा ती नातवाला सांगण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची गरज उरली नाही.

मंडईतही हे जमण्यासारखे आहे. नाटकांचा हंगाम चारच महिन्यांचा. उरलेले आठ महिने वडशाचा तबलजी आणि गोंदियाचा प्रकाशवाला दोघेही मिळेल त्या कामाला जातात. आयटीआयमध्ये विजेचे काम शिकणाऱ्याला रंगमंचाची प्रकाशयोजना का शिकवू नये? सासुरवाडीला आलेला जावई परत जाताना इथला सुवासिक चिन्नोर तांदूळ मागतो. तो नीट पाकिटात भरून, गावाचे नाव छापून, मंडईतच विकायला कोणाची हरकत आहे? मंडईबाहेरही वाव आहे. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडावर निरनिराळ्या राज्यांतून आदिवासी भाविक येतात. त्यांच्या पाण्याची, मुक्कामाची, जेवणाची कंत्राटे आसपासच्या गावांतल्या पोरांना आणि बचतगटांना मिळावीत, यासाठी नवा कायदाही लागत नाही.

मंडळांच्या वहीत मंडप, जनरेटर, नाटक, बिदागी असे खर्चाचे रकाने असतात. या वर्षी त्यात एक रकाना वाढवावा: रात्रभर राबलेल्या आपल्याच पोरांची रोजी. आकडा लहान असला तरी चालेल, पण तो नावानिशी लिहावा आणि मंडई उठल्यावर गावासमोर वाचून दाखवावा.