व्हिडिओ देशानं पाहिला, ट्रक सापडला टोलनाक्याच्या कॅमेऱ्यात

राजेहो, पोस्ट लांब आहे. पण रील पाहाले वेळ आहे ना, मग हेही वाचा.

ऑगस्ट २०२५ मधला तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. नागपूर-जबलपूर हायवे, देवलापार हद्दीतला मोरफाटा. राखीच्या सुमारास नवरा-बायको मोटरसायकलवर मध्य प्रदेशातल्या गावाकडे निघालेले. ट्रकनं उडवलं, बाई जागीच गेली, ट्रकवाला पसार. नवऱ्यानं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात जोडले, कोणी थांबलं नाही. शेवटी त्यानं बायकोचा मृतदेह मोटरसायकलला बांधला आणि निघाला. मागून येणाऱ्या गाडीतून ते शूट झालं आणि बघता बघता देशभर फिरलं.

मग आपले पेजवाले, यूट्यूबवाले, 'ब्रेकिंग' ग्रुपवाले तुटून पडले. मी पाहिलेल्या एका रीलवर मागं दर्दभरं गाणं होतं, वर 'माणुसकी मेली' आणि खाली चॅनल सबस्क्राइब करायचं आवतण! बाप्पा, कोणाची बायको आहे ती! पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच आठवड्यात सहा ककार शिकवले होते: कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. त्या रीलमध्ये एकही नव्हता. तारीख नाही, फाटा कोणता ते नाही, ट्रक कुठल्या दिशेनं गेला ते नाही. अशा रीलला बातमी म्हणायला मी तयार नाही, माझ्याकडे प्रेसकार्ड असो की नसो.

काही मित्र म्हणतात, व्हिडिओ आला म्हणूनच जगाला कळलं ना? खरं आहे, मान्य. नाहीतर आतल्या पानावर चार ओळी आल्या असत्या. पण पुढचं ऐका. त्या नवऱ्याला ट्रकचा नंबर माहीत नव्हता, ट्रकवर लाल खुणा होत्या एवढंच आठवत होतं. नागपूर ग्रामीण पोलिसांनी टोलनाक्यांचं सीसीटीव्ही फुटेज घेतलं, 'मार्वल'च्या एआय यंत्रणेत टाकलं, आणि साधारण ३६ तासांत ट्रक शोधला, तोही पार उत्तर प्रदेशाच्या वाटेवर, शेकडो किलोमीटर लांब. म्हणजे गुन्हेगारापर्यंत जे पोचलं ते टोलनाक्याचं कंटाळवाणं फुटेज. ते कोणी फॉरवर्ड केलं नव्हतं, त्याला एक लाइक नव्हता. पण त्यात वेळ होती, जागा होती, गाडी होती.

आता 'थांबलं का नाही' हा प्रश्न. लोक दगड नाहीत हो, लोक भितात. पोलिसांचा ससेमिरा, साक्षीच्या तारखा, दवाखान्यात 'तुम्ही कोण, पैसे भरा'. ही भीती खोटी नाही, पण कायदा कधीचा बदलला आहे. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं, २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. जखमीला मदत करणाऱ्यावर दिवाणी-फौजदारी कारवाई होत नाही, नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. गोल्डन अवरमध्ये गंभीर जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्याला मिळणारं बक्षीस ५ हजारांवरून २५ हजार झालं. घोषणा कोणी केली? आपल्याच नागपूरच्या खासदारांनी, रस्ते वाहतूक मंत्री म्हणून. त्यांच्या मतदारसंघातल्या किती जणांच्या मोबाइलवर ही माहिती आली? मेलेल्या बाईचा व्हिडिओ मात्र प्रत्येकाकडे आला. काहींकडे चार-चार वेळा.

याचा दोष एकट्या सामान्य माणसावर टाकून सरकारला सुटता येणार नाही. हायवेवर कायद्याच्या या दोन ओळींचे बोर्ड लावायला कोणता निधी अडतो? 'दुर्घटना से देर भली' लिहायला पेंट आहे, यासाठी नाही?

आणि पेजवाल्या भावांनो, तुमच्याशी थेट बोलतो. कॅमेरा चालवा, कोणी नाही म्हणत नाही. पण अपघात दिसला तर आधी ११२ किंवा १०८ लावा, नॅशनल हायवेवर असाल तर १०३३. बाजूच्या दगडावरचा किलोमीटर वाचून सांगा. मग पळणाऱ्या गाडीची नंबरप्लेट शूट करा आणि ते फुटेज ठाण्यात द्या, ग्रुपवर नको. मेलेल्याचा चेहरा, जखमीचे फाटलेले कपडे हे दाखवून कोणाचं भलं झालं ते एकदा मला समजावून सांगा. ज्यांच्या पेजवर तो ऑगस्टचा व्हिडिओ अजून गाण्यासकट आहे, त्यांनी आज रात्री डिलीट करावा. उद्या मी पेजचं नाव घेऊन लिहीन, मग 'भाऊ, आधी फोन तरी करायचा' म्हणू नका.

मनसर, देवलापार, खवासा या पट्ट्यातले, पेंचच्या जंगलातून रोज ये-जा करणारे वाचक इथं बरेच आहेत. अपघातानंतर तुमच्याकडे १०८ किती वेळात पोचली ते कमेंटमध्ये लिहा. तारीख, वेळ आणि किलोमीटर एवढंच टाका. जमा झालं की जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी देतो. व्हिडिओ टाकू नका.