देव मोडीत घालण्यापूर्वी

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या घरचे देव तराजूत बसले. खंडोबाचा टाक, बाळकृष्ण आणि आजीची अन्नपूर्णा. मोडीच्या भावाने त्यांचे वजन झाले, वर थोडे पैसे घातले आणि चकचकीत नव्या मूर्ती देव्हाऱ्यात आल्या. सल्ला माझाच होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. "तू शिकलेली, तूच सांग," असे वडील म्हणाले आणि मी ऐटीत सांगून टाकले, "नाकडोळे झिजलेले देव ठेवायचे कशाला?"

आजी काही बोलली नाही. ती अन्नपूर्णा तिला लग्नात माहेरून मिळाली होती. गौरीहरापाशी बसून तिने तिची पूजा केली होती. आता मोतीबिंदूमुळे तिला कमी दिसते, पण देवांना आंघोळ घालताना कोणता देव कोणता, हे तिची बोटे सांगत. नवी मूर्ती हातात घेऊन ती विचारते, "ही कोण गं?"

तेव्हापासून मी या विषयाचा विचार करू लागले. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर मातीचे लेप द्यायचे, भट्टीत मेण वितळवून काढायचे आणि त्या पोकळीत तापलेला रस ओतायचा. शेवटी साचा फोडावाच लागतो. म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक! ही रीत चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात सांगितली आहे. म्हणजे ओताऱ्याची विद्या ग्रंथात बसण्याच्या योग्यतेची होती. पण आपण त्याला विद्वान कधी म्हटले? ज्या चांदवडात होळकरांच्या काळी टाकसाळ होती, चांदवडी रुपया पडत होता, त्या गावच्या आम्हा मुलांना धातूकाम म्हणजे काय हे ठाऊक नसावे, ही लाजेची गोष्ट नव्हे काय?

कुणी म्हणेल, देव भावात असतो, पितळेत नव्हे. मान्य! पण भावालाही हात ठेवायला जागा लागते. दुसरे कुणी म्हणेल, हातकामाची मूर्ती गरिबाला परवडत नाही. हेही खरे. अलीगढ-मुरादाबादकडून येणाऱ्या मूर्तींमागेही कष्टकऱ्यांचाच घाम आहे. त्यांच्याशी माझे भांडण नाही. माझे भांडण माझ्याच अर्धवट शहाणपणाशी आहे. जे झिजले ते टाकाऊ, हे मी कोणत्या पुस्तकात शिकले? तीन पिढ्यांनी चिंच लावून घासले म्हणून ते नाक झिजले होते. आमच्या घराण्याचा लेखी इतिहास नाही. होता तो एवढाच.

मी दुकानात परत गेले. मोड केव्हाच पुढे गेली होती.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. देव बदलायचेच असतील तर आधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारा. त्याच पितळेतून नवा देव ओतून देणारा कारागीर मिळतो का, ते पाहा. आणि आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात रस्ते झाडतो, तशीच एक वही घेऊन घरोघर जाऊ या: कोणता देव, कुणी आणला, कुणी घडवला, हे लिहून घेऊ या. प्राध्यापकांनी वाट दाखवावी. पहिल्या पानावर मी आजीच्या अन्नपूर्णेची हकीकत लिहीन. मूर्ती गेली, निदान ती कोण होती, हे तरी राहील.