इळ्याच्या मुठीचं माप

सोयाबीनची पानं गळाली की वाशिम, रिसोड, मालेगावच्या शिवारांत सोंगणीची एकच घाई उडते. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा तडकतात, दाणे मातीत जातात. म्हणून बायांचे गट भल्या पहाटे रानाची वाट धरतात. काम बहुधा गुत्त्यावर, एकराच्या भावानं. जितका हात चालेल तितकी मजुरी. तो हात ज्या मुठीवर चालतो, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. यांत्रिकीकरणाची चर्चा ट्रॅक्टर आणि रोटाव्हेटरपाशीच थांबते.

आठवडी बाजारात लोहाराच्या दुकानापुढे मांडलेले इळे नीट पाहावेत. पाती लहानमोठी, दातेरी, बिनदातेरी अशी निवडून घेता येतात. मुठी मात्र जवळपास एकाच जाडीच्या. मूठ बारीक पडली तर बाया तिच्यावर चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून काम भागवतात. जाड निघाली तर तेवढाही इलाज नाही. बोटं पुरती मिटत नाहीत, इळा निसटू नये म्हणून मूठ जास्त आवळावी लागते आणि दिवस मावळेपर्यंत मनगट भरून येतं. अंगठ्याच्या बुडाशी आधी फोड येतात, मग घट्टे पडतात. घरचा इळा बाजारातून बहुधा पुरुष आणतो, आपल्या हातात धरून पारखतो. रानात तो चालवते बाई.

हाताच्या मापाची काळजी किती घेता येते, हे एका खेळात दिसतं. शहरांतल्या मॉलमध्ये बोलिंग खेळतात. तिथला चेंडू १६ पौंडांपर्यंत, म्हणजे सव्वासात किलोपर्यंत जड असतो आणि त्याला बोटांसाठी तीन भोकं असतात. सराईत खेळाडू तिथला चेंडू वापरत नाही, आपल्या हाताच्या मापानं भोकं पाडून घेतो. अंगठ्याच्या भोकात वेगळी नळी बसवतात आणि तिचं माप इंचाच्या चौसष्टाव्या भागापर्यंत पाहतात. भोक सैल असेल तर चेंडू धरून ठेवायला अंगठा आवळावा लागतो, घट्ट असेल तर चेंडू सोडताना अंगठा अडकतो. भोक गोल हवं की लंबगोल, कुठल्या बाजूला किती कललेलं, कड किती घासायची, हे सगळं हात बघून ठरतं. खेळता खेळता अंगठा सुजतो किंवा आक्रसतो, म्हणून भोकात चिकटपट्टीचा एखादा थर लावतात किंवा काढतात. खेळासाठी एवढी काळजी घेतात ते योग्यच आहे. मग पोटासाठी दिवसभर ओणवं राहून सोंगणाऱ्या बाईच्या अंगठ्याची काळजी कुणी घ्यायची?

याचं शास्त्र आपल्याकडे नाही असं नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं देशभरातल्या शेतकरी-शेतमजूर स्त्रीपुरुषांची ७९ शारीरिक मापं गोळा करून २००९ मध्ये प्रसिद्ध केली. अवजारं माणसाच्या मापानं बनावीत, एवढ्यासाठीच हा खटाटोप होता. मुठीचं माप घ्यायची रीत तर अगदी सोपी आहे. खाली जाड होत जाणारा लाकडी शंकू मुठीत धरायचा आणि हात खाली सरकवत न्यायचा. अंगठा आणि मधलं बोट जिथं जेमतेम टेकतात, तिथली जाडी मोजायची. याला मिनिटभरही लागत नाही.

हार्वेस्टर आल्यावर इळ्याची एवढी चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. पण वाशिमच्या कितीतरी शेतांत सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर उभी असते. सोयाबीन निघतं तेव्हा तूर अजून हिरवी असते. तिथं यंत्र घालायचं कसं? परतीच्या पावसानं चिखल झालेल्या रानात आणि लोळलेल्या पिकातही शेवटी इळाच लागतो.

रिसोड तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. त्यांनी बचत गटांच्या बैठकीत एक शंकू फिरवावा, बायांच्या हातांची मापं घ्यावीत आणि तीन जाडींच्या मुठी गावच्या सुताराकडून करून घ्याव्यात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. त्या निमित्तानं फलक लागतील, सत्कार होतील. त्यातल्या एका कार्यक्रमाच्या मंडपाच्या खर्चात कितीतरी मुठी कातून होतील, आणि हरभऱ्याच्या सोंगणीत त्या वापरून पाहता येतील.